सध्या कुठं असतेस?

रियुनियनला जायचं ठरलं की बायका आधी साडी ठरवतात आणि पुरुष आधी गाडी, असा एक जोक आमच्या ग्रुपवर फिरत होता. मी मात्र उत्तर ठरवत होते. कारण प्रश्न पक्का माहीत होता. वीस वर्षांनी भेटलेला माणूस पहिलं वाक्य टाकतो, 'अगं, अजिबात बदलली नाहीस!' (साफ खोटं.) आणि दुसरं, 'सध्या कुठं असतेस?' यात त्याला गावाचं नाव नको असतं. कंपनीचं हवं असतं. जमलंच तर डेसिग्नेशनसकट.

गोची अशी होती, की २०२४ च्या जुलैपासून माझ्याकडे सांगायला कंपनीच नव्हती. सोळा वर्षांची नोकरी एका व्हिडिओ कॉलवर अकरा मिनिटांत संपली. मी एकटी नव्हे, आमचं अख्खं डिपार्टमेंट गेलं. घरच्यांशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. सकाळी साडेआठला तयार होऊन लॅपटॉप उघडून बसायची सवय अजून तशीच होती. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सांगलीत आमच्या बॅचची वीस वर्षं साजरी व्हायची होती. वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, मेकॅनिकल, २००४. साठांच्या वर्गात आम्ही सहा मुली.

न जाण्याची तीन कारणं माझ्याकडे तयार होती. तिसरं कारण टाइप करत होते तेवढ्यात सांगलीहून फोन आला. 'तुझं नाव लिहिलंय हं मी. खोलीपण धरलीय. कारणं सांगू नकोस, ये की.' फोन ठेवूनसुद्धा दिला तिनं.

हिचं खरं नाव वर्गात कुणीच घेत नसे. तिच्या वडिलांचं मारुती रोडला स्टेशनरीचं दुकान. ड्रॉइंग शीट, मिनी ड्राफ्टर, जर्नल आणि एक झेरॉक्स मशीन. चार वर्षं आमच्या असाइनमेंट्स त्या मशीनमधून बाहेर पडल्या. त्यामुळे तिचं नाव पडलं 'झेरॉक्स'. तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

पहिला हॉल्ट सातारा

शनिवारी पहाटे साडेपाचला वारज्याच्या पुलाखालून चौघं निघालो. गाडी आणि ड्रायव्हिंग 'सातारकर'चं. पुढे 'बंगळूरकर', जो मुळात सांगलीच्या गावभागातला, पण अठरा वर्षं बंगळूरला राहून आता कन्नडमध्ये शिव्यासुद्धा देतो. मागे मी आणि नाशिकवाली.

ज्यांना ड्रायव्हिंगचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी महालक्ष्मी आणि कोयना या जुन्या गाड्या आहेतच, आणि सप्टेंबर २०२४ पासून साताऱ्याला आणि सांगलीला थांबणारी वंदे भारतही आहे. पण रियुनियनला जायचं तर कारनंच जावं, असं माझं मत आहे. खेड शिवापूरच्या टोलपर्यंत सगळे सभ्य असतात. मुलांच्या शाळा, फ्लॅटचे हप्ते, कोणाचा गुडघा, कोणाची शुगर. खंबाटकीचा घाट चढायला लागलं की अचानक कोणीतरी थर्ड इयरच्या व्हायवातलं काहीतरी काढतं, आणि आनेवाडीचा टोल येईपर्यंत गाडीत चार इंजिनिअरिंगची पोरं बसलेली असतात.

साताऱ्यात चहाला थांबायचं ठरलं होतं ते सातारकरच्या घरी. पोवई नाक्यावर आता जमिनीखालून रस्ता नेलाय. २०२१ च्या जानेवारीत तो सुरू झाला. नाक्यावरची जुनी गर्दी त्यामुळे खरंच कमी झालीय की नुसती विभागली गेलीय, यावर सातारकर आणि त्याचे वडील यांच्यात आमच्यासमोर पाच मिनिटं वाद झाला.

त्याच्या वडिलांना आम्ही सगळे आण्णाच म्हणतो. वय त्र्याहत्तर. छत्रपती शिवाजी कॉलेजचे १९७२ चे बी.ए., आणि पुढे रिटायर होईपर्यंत रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमधून मास्तरकी. कॉलेज केलं ते 'कमवा आणि शिका' योजनेतून. म्हणजे खिशात फी नाही, तर हातानं काम करायचं. बागेला पाणी, भाजीपाला, स्वयंपाकघर, पडेल ते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे कॉलेज १९४७ मध्ये काढलं ते अशाच मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. आमचं वालचंदही १९४७ चंच. चार वर्षं सांगलीत काढून हा योगायोग मला आण्णांनी साताऱ्यात सांगावा, म्हणजे कमाल!

आण्णांची बॅचही भेटते. आमच्यासारखी दहा-वीस वर्षांनी नाही, दरवर्षी. २२ सप्टेंबरला, कर्मवीरांच्या जयंतीला. कोणी इव्हेंट मॅनेजर नाही, टी-शर्ट नाहीत. समाधीपाशी जमायचं, मग कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. पहिल्यांदा त्या वर्षात कोण गेलं त्यांची नावं घ्यायची आणि मग गप्पा.

'तुम्ही पण विचारता का आण्णा, सध्या कुठं असतोस म्हणून?' नाशिकवालीनं विचारलं.

'विचारून काय उपयोग? सगळेच मास्तर!' आण्णा हसले. 'आम्ही विचारायचो, तू कुठल्या कामावर होतास. बागेवर होतास की स्वयंपाकात. पन्नास वर्षं झाली तरी भाकरी करपवणारा कोण, ते बरोब्बर लक्षात आहे सगळ्यांच्या.'

बाकीचे अजिंक्यताऱ्याचे फोटो काढायला गच्चीवर गेले. मी चहाचा कप घेऊन खालीच बसले होते. आण्णांनी सहज विचारलं, 'तुझं काय चाललंय पोरी?' आणि मी सांगून टाकलं. नवऱ्याला सांगताना जी प्रस्तावना केली होती तीसुद्धा केली नाही. 'जुलैमध्ये नोकरी गेली आण्णा.'

त्यांनी 'अरेरे' केलं नाही. 'मिळेल गं दुसरी'ही म्हणाले नाहीत. थोडा वेळ बशीत चहा ओतत बसले. मग म्हणाले, 'भाऊराव आधी विक्रीच्या कामावर होते, माहितीय का तुला? किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव हिंडायचे. पुढं ते सोडलं. घरात पोरांना जेवायला घालायचं तर लक्ष्मीबाईंनी एकेक करत दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे आम्ही शाळेत पोरांना शिकवायचो. शिकवायला सोपं असतं.' आणि आत हाक मारली, 'अगं, हिला अजून अर्धा कप दे.'

निघताना कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स हातात आले. एक आम्हाला, एक 'सांगलीच्या पोरीला'. मला कळेना, आण्णा झेरॉक्सला ओळखतात कसे? तर २००० साली पोराची अॅडमिशन पक्की करायला सांगलीला आले असताना शेवटची एसटी चुकली आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या या अनोळखी मास्तरांना झेरॉक्सचे वडील घरी जेवायला घेऊन गेले. तेव्हापासून ती दर २२ सप्टेंबरला आण्णांना फोन करते. सातारकरला हे माहीतच नव्हतं. 'आण्णा, तुम्ही कधी बोलला नाहीत!' तर म्हणे, 'तू विचारलंस कधी?'

सदर बझारमधून बाहेर पडताना सैनिक स्कूलची भिंत लागते. देशातलं पहिलं सैनिक स्कूल हे, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं. बंगळूरकरचा धाकटा भाऊ इथला. तो सांगतो, की त्यांचे माजी विद्यार्थी भेटले की आधी नाव नाही, रोल नंबर सांगतात, आणि नंबरावरून कोण कोणाला सीनियर ते दोन सेकंदांत ठरतं. हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक याच शाळेतले. कर्नल संतोष महाडिकही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले आणि दोन वर्षांच्या आत त्यांची पत्नी स्वाती महाडिक ट्रेनिंग पूर्ण करून लष्करात अधिकारी झाल्या. बंगळूरकर म्हणाला, 'भावाच्या रियुनियनला हजेरी घेतात रे. काही नंबरांना सगळे मिळून हजर म्हणतात.' त्यानंतर उंब्रजपर्यंत गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

पेठ नाक्यावरून डावीकडे

तासवड्याचा टोल झाला, कराड गेलं. (कराडचं गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंग दिसलं नाही तरी त्या दिशेला तोंड करून 'हू' करायचं, ही आमची तेव्हाची परंपरा. चाळिशी पार केलेल्या चार माणसांनी ती पाळली.) पेठ नाक्याला हायवे सोडून डावीकडे वळलं, की देश बदलतो. डिसेंबर म्हणजे उसाचा सीझन. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यावर कर्कश गाणी, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. पुण्यातून अडीच तासांत गूगलनं इथं आणलं असलं, तरी पुढच्या चाळीस किलोमीटरचं टायमिंग ट्रॅक्टरच ठरवतो.

सांगलीवाडी संपली की कृष्णा आणि तिच्यावर आयर्विन पूल. १९२९ चा. डिसेंबरात नदी अगदी शहाण्यासारखी वाहते. पुलापाशी पाण्याची पातळी मोजायच्या फुटांच्या खुणा आहेत. सांगलीतलं शाळकरी पोरगंही सांगेल, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं सत्तावन्न फुटांवर पाणी गेलं होतं. आम्ही थांबून खाली बघितलं. नाशिकवाली म्हणाली, 'एवढ्या वर?' बंगळूरकर गाडीतून उतरलाच नाही.

कॉलेज विश्रामबागला, सांगली-मिरज रस्त्यावर. हा सगळा भागच कॉलेजांचा. जवळच विलिंग्डन कॉलेज, १९१९ सालचं. पु. ल. देशपांडे तिथले विद्यार्थी. त्यामुळे विलिंग्डनची मुलं साहित्यिक आणि आम्ही मात्र ग्रीस लागलेले, अशी वाटणी आमच्या वेळी मान्य झालेली होती. आमचं कॉलेज धोंडूमामा साठ्यांनी सुरू केलं तेव्हा नाव होतं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज. १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचं नाव लागलं. जहाजं, विमानं, मोटारी असे तिन्ही कारखाने उभे करणारा माणूस. त्यांच्या नावाच्या कॉलेजातून मेकॅनिकल करून आमच्यातले चाळीसेक जण सॉफ्टवेअरमध्ये गेले, ही गोष्ट वेगळी! २००४ चा काळच तसा होता. पुण्यात हिंजवडी वाढत होती, कंपन्या कॅम्पसला येऊन अॅप्टिट्यूड टेस्ट घ्यायच्या, आणि लेथवर काम आवडणारी पोरंसुद्धा जावा शिकायची. कॉलेज स्वायत्त झालं २००७ मध्ये. आमच्या डिग्रीवर अजून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे.

साठातले सदतीस आले होते. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर स्वतः झेरॉक्स बसलेली. केस बरेच पांढरे, आवाज तोच. 'काय गं, वाळलीस की! आधी नाश्ता कर जा, उपीट संपायलंय.'

मग ओळख परेड. माइक हातोहात फिरत होता. नाव, गाव, कंपनी, मुलं. दुबई, शिकागो, चाकण, चाकण, परत चाकण. एकजण ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं उभा आहे आणि त्याची मुलगी आता कॉलेजला चाललीय. एकानं तासगावला द्राक्षबाग केलीय आणि त्याच्या टाळ्या सगळ्यात जोरात. (बाग करणाऱ्याला टाळ्या आणि कर्ज विचारायचं नाही, हेही अशा कार्यक्रमांचं एक वैशिष्ट्य.) आम्हा सहाजणींपैकी चौघी आलेल्या. आमच्या वेळी प्रश्न थोडा बदलतो, हे तुमच्यापैकी ज्या मुली असल्या कार्यक्रमांना गेल्या असतील त्यांना माहीत असेल. समोरून कोणीतरी आपुलकीनं विचारतंच, 'आणि मिस्टर?' नाशिकवालीचा स्वतःचा टूलरूम आहे, बावीस कामगार आहेत. तिनं माइकवर शांतपणे सांगितलं, 'मिस्टर माझ्याकडे अकाउंट्स बघतात.' त्यावर जो हशा पिकला, तो नेमका कशावर होता ते मला अजून नीट कळलेलं नाही.

माइक माझ्याकडे आला. इतके दिवस पाठ केलेलं उत्तर एकदम लांबलचक वाटायला लागलं. मी म्हणाले, 'पुण्यात असते. आयटीत आहे.' आणि बसले. 'आहे' हा शब्द किती सहज निघाला! शेजारच्यानं लगेच विचारलं, 'कुठली गं कंपनी?' मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सगळ्यात शेवटी झेरॉक्स. तिला माइक धरायला लावलं. 'मी काय, इथंच.' झालं. चार सेकंद. टाळ्या पडायच्या आत ती जेवणाच्या पंगतीचं बघायला निघूनही गेली होती.

सदतीस माणसांची व्यवस्था तिनं एकटीनं लावली होती. हॉलची परवानगी, केटरर, मिरज स्टेशनवरून आणायच्या गाड्या, रिटायर झालेल्या दोन सरांना घरून आणणं आणि परत पोचवणं, ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी वेगळी आमटी. आम्ही पैसे ट्रान्सफर केले होते आणि ग्रुपवर अंगठे दाखवले होते.

मारुती रोड

मी तिच्याकडेच उतरले होते. घर विश्रामबागला, पण रात्री साडेनऊला म्हणाली, 'दुकानात जायचंय, उद्याच्या बिलाची पावतीपुस्तकं आणायचीत. चल की.' स्कूटरवर डबलसीट, मारुती रोडला.

आत रंग नवा होता. फक्त एका भिंतीवर माळ्याच्याही वर हातभर जाडीचा मातकट पट्टा तसाच ठेवलेला. 'एकोणीसचं', ती म्हणाली, जसं आपण 'हा मागच्या दिवाळीचा फोटो' म्हणतो तसं.

मग कळलं, की ही इथं का राहिली. म्हणजे मला ठाऊक असायला हवं होतं, पण नव्हतं. २००४ ला पास झाल्यावर तिला पुण्यातच नोकरी लागली होती. भोसरीला, डिझाइनमध्ये. २००५ च्या पावसाळ्यात सांगलीत पाणी आलं, दुकान गेलं, आणि ती पंधरा दिवसांची रजा टाकून वडिलांना मदत करायला आली. 'पंधरा दिवस अजून संपायचेत', ती म्हणाली.

'आणि एकोणीसला?'

'कागद भिजला की फुगतो गं. रिमच्या रिमा फुगून रॅकमध्ये अशा गच्च बसल्या, की ओढून निघेनात. पाणी उतरल्यावर रॅक फोडून काढावं लागलं सगळं. वास तर विचारू नकोस. एकवीसला परत आलं, पण तेव्हा माल आधीच हलवला होता. शिकतो माणूस.'

२०१९ च्या त्या आठवड्यात मी काय केलं होतं, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. पाच हजार रुपये ऑनलाइन टाकले होते आणि लिहिलं होतं, 'टेक केअर'. रिलीजची गडबड होती. फोन केला तो एकोणीस दिवसांनी. तोवर तिनं दुकान धुऊन काढलं होतं, त्यामुळे बोलायला तसं काही उरलंही नव्हतं.

गल्ल्याखालून तिनं एक जाडजूड रजिस्टर काढलं. मला वाटलं उधारीचं. तर ते आमचं निघालं. आम्हा साठांचं. पानाला एक नाव. पहिलं रजिस्टर २००५ ला पाण्यात गेलं, मग फोन करकरून तिनं हे दुसरं केलं. मध्यंतरी आमची ऑर्कुटवर कम्युनिटी होती, सगळे पत्ते, नंबर तिथं होते. २०१४ ला ऑर्कुटच बंद झालं. याहू ग्रुपही गेला. हे मात्र दरवर्षी जूनमध्ये विश्रामबागच्या घरी जातं आणि ऑक्टोबरमध्ये परत दुकानात येतं.

प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे 'सध्या कुठं'. पुणे खोडून बंगळूर, बंगळूर खोडून न्यू जर्सी, ते खोडून पुन्हा पुणे. आणि उजवीकडे 'आईबाबा कुठं'. त्यात गाव, घरचा फोन, शेजाऱ्यांचा फोन, कोणत्या डॉक्टरकडे दाखवतात, शुगर आहे का, जिना चढवतो का. सांगली-मिरजेच्या अकरा नावांपुढे हा रकाना गच्च भरलेला होता. काही ठिकाणी एक ओळ खोडून तारीख लिहिलेली.

बंगळूरकरच्या पानावर मी थांबले. 'एकोणीसला यांना आणलं होतंस?'

'ह्यांना आणि अजून दोघांच्या आईबाबांना. गावभागात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. काका बोटीत बसायलाच तयार नाहीत, म्हणे देवघर सोडून येणार नाही. मग देवासकट आणलं.' ती हसली. 'अकरा दिवस होते सगळे घरी. काकू जाताना मला इतक्या शेवया करून देऊन गेल्या, दोन वर्षं पुरल्या. त्याला सांगू नकोस मी बोलले म्हणून. उगाच अवघडतो तो.'

म्हणून हा पुलावर उतरला नव्हता तर. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे फोटो काढत असताना बंगळूरकर एकटाच खुर्च्या गोळा करून भिंतीला लावत होता, तेही मी बघितलं होतं आणि 'काय हा कामाचा आव' असं मनात म्हटलं होतं.

मग तिनं माझं पान काढलं. जळगाव, सांगली, पुणे आणि पुढे कंपनीचं नाव, २००८. 'तुझं हेच ना अजून?'

'नाही', मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. मी जुलैपासूनचं सगळं सांगितलं. त्या अकरा मिनिटांसकट, साडेआठला तयार होऊन बसण्यासकट, आणि सकाळी माइकवर बोललेल्या 'आहे'सकट. बाहेर एक भडंगवाला गाडा आवरत होता, त्याच्या डब्यांचा आवाज येत होता. तिनं ऐकून घेतलं, कंपनीच्या नावावर पेन्सिलची रेघ मारली आणि विचारलं, 'मग काय लिहू?'

'रिकामं ठेव.'

'रिकामं ठेवायला कागद फुकट आलाय व्हय?' म्हणून तिनं फक्त 'पुणे' लिहिलं. मग उजव्या रकान्याकडे बोट नेलं. 'आई जळगावलाच? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का त्यांचं?' ऑपरेशनचं मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवेना.

रविवारी सकाळी जे उरले होते ते सगळे हरिपूरला गेलो. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही कधी या बाजूला आलात तर चुकवू नका. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही संगमावर यायचो ते अभ्यास होणार नाही हे मान्य करायला. पायऱ्यांवर बसून कोणीतरी परत सुरू केलं, 'अगं, तुझी कंपनी कुठली ते राहिलंच काल!'

'जुलैपासून कुठलीच नाही. शोधतेय', मी म्हणाले.

क्षणभर शांतता. मग शिकागोवाला म्हणाला, 'माझी मार्चमध्ये गेली होती. जूनमध्ये मिळाली. पगार कमी.' चाकणवाल्यांपैकी एकानं मान हलवली, 'मी गेल्या वर्षी चार महिने घरी होतो. सोसायटीत कळू नये म्हणून रोज गाडी काढून निघायचो.' म्हणजे काल माइकवर आणखी किती 'आहे' खोटे होते कोण जाणे! नाशिकवालीनं तिथंच पायरीवर बसून माझा बायोडाटा फोनवर मागवला आणि वाचून म्हणाली, की यातली अर्धी वाक्यं तिला कळली नाहीत आणि उरलेली कळली असती तरी तिनं मला घेतलं नसतं. इतकं खरं जुलैपासून मला कोणीच बोललं नव्हतं.

दुपारी निघायची वेळ झाली. इतरांना सोमवारी ऑफिस. मला नव्हतं. झेरॉक्सच्या लगेच लक्षात आलं. 'तुला काय घाई? दोन दिवस राहा. बसलीच आहेस तर हिशोब कर की. मला ते एक्सेल येत नाही तुझ्यासारखं.'

भडंगाची पुडकी गाडीत भरून सातारकर तिघांना घेऊन गेला. मी दुकानात गल्ल्याशेजारी स्टूल घेऊन बसले. मांडववाला, केटरर, गाड्या, सरांना दिलेल्या शाली, हॉलचं झाडलोटीचं, सगळ्याच्या पावत्या तिनं एका मिठाईच्या बॉक्समध्ये ठेवल्या होत्या. साताऱ्याच्या पेढ्यांचाच बॉक्स तो. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांना ड्रॉइंग शीटही मी दिली. पोरगं विचारत होतं, 'ताई, हाफ इम्पीरियल आहे का?' आणि मला जागा माहीत होती.

हिशोबात तेराशे चाळीस रुपये कमी पडत होते. ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत नऊ जणांनी तेवढे तेवढे पाठवले, त्यामुळे आता दहा हजार सातशे वीस जास्त झालेत आणि ते कोणाला किती परत करायचे, यावर ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.